सुटी फळी

मोनाली, मानेवाड्याची तुझी खोली दहा बाय बारा,
आमची ही गोळीबार चौकाजवळची
तिच्याहून हातभर लहानच.
त्यात पाच माणसं, एक शिलाई मशीन
आणि एक कूलर.
म्हणून सांगते, खिळा ठोकायच्या आधी
कूलरचं काय ते ठरव.

चार महिने तोच घरातला कर्ता,
त्याच्यासमोर कोणी आडवं उभं राहायचं नाही.
दसऱ्यानंतर त्याला कुत्रं विचारत नाही.
तेव्हा वाळ्याच्या ताट्या काढायच्या,
टाकीला दोन दिवस ऊन दाखवायचं,
आणि त्याच्या पोटात भरायचं
पातळ चादरी, उन्हाचे दुपट्टे, माठाची तिवई,
पोरांच्या मागच्या वर्षीच्या वह्या.
वरून जुन्या लुगड्याचा पडदा.
पाहुणे विचारतात, इथं देव ठेवले का?
मी हो म्हणते.

संत्र्याच्या पेट्या घे, कळमन्याला मिळतात.
आधी खिळे चाचपून पाहा,
एक माझ्या पोटरीत गेला होता.
उभी ठेवली तर पुस्तकं, आडवी ठेवली तर चपला.
रंग मात्र देऊ नको.
दमट दिवसांत
अजून साल सोलल्यासारखा वास येतो,
तेवढंच फुकटचं अत्तर.

आरसा खिडकीसमोर लाव.
खोली त्याने मोठी दिसते म्हणतात,
दिसत नाही.
पण गल्लीतला कडुलिंब आत येतो
आणि जागा अडवत नाही.

आता खड्डा.
तुझ्याकडे तो नाही, तरी ऐकून ठेव.
इथं मामंजींचा माग होता.
पाय खड्ड्यात सोडून, पावड्या दाबत
तीस वर्षं त्यांनी रेशीमकाठी लुगडी विणली.
माग गेला सरपणाच्या भावात.
खड्डा कोण विकत घेणार?

हे म्हणाले, सिमेंट ओतून टाकू.
मी म्हटलं, थांबा.
कमरेइतका खोल, कोरडा, थंड,
सुताराला पैसे न देता मिळालेलं कपाट!
तळाला प्लॅस्टिक, कोपऱ्यात कडुलिंबाचा पाला,
पत्र्याच्या दोन पेट्या,
एकीत गोधड्या, एकीत दिवाळीची भांडी.
वर सागाच्या दोन फळ्या, त्यावर सतरंजी,
सतरंजीवर पोरांचा अभ्यास.
इंचभर जागा वाया नाही,
साऱ्या गल्लीला सांगत फिरायची मी.

मागच्या मे महिन्यात
भर दुपारी लाइट गेली. कूलर बंद.
ब्लाउज द्यायला गेलेली मी परत आले
तर सतरंजी गुंडाळलेली,
एक फळी भिंतीला टेकवलेली,
दिवाळीची भांडी पेटीसकट ओट्यावर,
आणि मामंजी
पाय खड्ड्यात सोडून बसलेले.

"गार लागून राहिलं माय," म्हणाले,
चोरी पकडल्यासारखे.
मी म्हटलं, बसा ना.
पाण्याचा गडवा भरून जवळ ठेवला
आणि मशीनवर जाऊन बसले.
लाइट आली, कूलर सुरू झाला,
ते उठले नाहीत.
पाहायचं नाही असं ठरवूनही दिसत होतं,
धोतराच्या काठाखाली
उजवा पाय खाली जात होता,
मग डावा,
मग उजवा.
मीही इकडे पायानेच मशीन चालवत होते.
कधीतरी आमची लय एक झाली असेल,
मी मोजली नाही.

आता एक फळी ठोकलेली आहे, एक सुटी.
सुट्या फळीखाली काही ठेवायचं नाही,
पोरांनाही माहीत आहे.
दिवाळीची भांडी मशीनखाली आली,
शिवताना गुडघ्याला लागतात,
परात वाजते.
यांनी विचारलं, ती जागा रिकामी काहून?
मी म्हटलं, रिकामी कुठे आहे.

बरं, ते जाऊ दे.
तुझ्या दारामागची भिंत मोजून ठेव,
तिथं फळी बसते की नाही पाहू.
आणि पेट्या किती लागतील ते कळव,
शनिवारी मी कळमन्याला जाणारच आहे.